तात्यांचा तापणारा आरसा

बबनतात्या शेवाळ्यांच्या गाडीचा डावा आरसा मी दुरुस्त केला. चोख केला. वायर जोडली, सोल्डर मारला, वर टेप गुंडाळली, बटण दाबलं, आणि काचेवरचं धुकं मधोमध फाटून कडेकडेला सरकत गेलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

आता हे विसरा. आरसा दुरुस्त झालाच नव्हता. आमच्या तालुक्यात कुणालाही विचारा, सुयोग जंगमला तो आरसा जमला नाही असंच सांगेल. मीही तेच सांगतो. गेली सात वर्षं सांगतोय. तेव्हा इथून पुढं असं धरून चालू की आरसा बिघडलेला आहे, तो बिघडलेलाच राहणार आहे, आणि डिग्या माझ्या मेढ्यातल्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर उभा राहून म्हणतोय,

"आरसा गरम होत नाय."

"कुठला आरसा?"

"गाडीचा. साइडचा."

"मग बरोबर आहे की. आरसा कशाला गरम व्हायला पाहिजे?"

"तात्यांचा व्हतो."

डिग्या म्हणजे दिग्विजय, तात्यांचा भाचा आणि ड्रायव्हर. तात्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरकडून जुनी परदेशी गाडी घेतली होती, हे मला माहीत होतं. ज्या देशात बर्फ पडतं तिथं वापरायची गाडी. तिच्या साइडच्या आरशांच्या पाठीमागं पापडाएवढी पातळ तापणारी पट्टी असते. बटण दाबलं की काच कोमट होते आणि तिच्यावरचं दव, धुकं उडून जातं. मी पुण्यात वर्षभर मोठ्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये होतो, असले आरसे उघडले होते. तालुक्यात असा मी एकटाच. म्हणजे होतो.

"आज जमत असेल तर येतो," मी म्हणालो. "उद्या नाही. उद्या माझा साखरपुडा आहे. साताऱ्यात, साडेबाराला."

"तासाभराचं काम. सांच्याला परत आणून सोडतो."

मुलीचे वडील एस.टी.त कंट्रोलर होते, रिटायर झालेले. मुहूर्तसुद्धा त्यांनी पंचांगातून काढला नसून वेळापत्रकातून काढला असावा असा मला संशय होता. पहिल्या भेटीत मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "गाडी थांबत नसते. माणूस राहतो." मुलगी, वेदिका, चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागं उभी होती आणि हसू दाबत होती. त्या दाबलेल्या हसण्यापायी मी उद्या साडेबाराला साताऱ्यात असणं अत्यंत गरजेचं होतं.

हत्यारांची पिशवी घेतली आणि डिग्याच्या जीपमध्ये बसलो.

महाबळेश्वरच्या अलीकडं मुख्य रस्ता सोडून आम्ही आत वळलो. श्रावणातलं धुकं इतकं दाट होतं की डिग्या झाडांना विचारत विचारत गाडी चालवतोय असं वाटत होतं. एका बंगल्याचं फाटक उघडलं, आम्ही आत गेलो, आणि मागं साखळी ओढल्याचा आवाज आला. मग कुलपाचा. डिग्यानं माझ्यापुढं पुरणपोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा धरला.

"मोबाइल."

"कशाला?"

"नियम हाय."

डब्यात आधीच दहाबारा मोबाइल होते. दोन-तीन थरथरत होते, त्यामुळं सगळा डबा एकसारखा गुरगुरत होता. माझाही त्यात गेला.

बंगल्याच्या हॉलमध्ये चार माणसं पत्ते खेळत होती, आणि त्यांतल्या तिघांना मी ओळखत होतो. तिघंही तात्यांच्या गावचे ग्रामपंचायत सदस्य होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुठं आलोय.

सरपंचाला पाडायचं म्हणजे अविश्वास ठराव आणायचा, आणि ठराव आणायचा म्हणजे सदस्य फुटू नयेत म्हणून मतदानाच्या दिवसापर्यंत त्यांना कुठंतरी नेऊन ठेवायचं. याला आमच्याकडं सहल म्हणतात. नऊ सदस्यांतले सहा हात वर झाले की सरपंच पडतो. तात्यांकडं तात्यांसकट बरोबर सहा होते, आणि मतदान उद्या अकराला होतं. गावात मात्र सगळे देवदर्शनाला गेलेले होते.

"ये ये, इलेक्ट्रिक!" तात्या आले. पांढरा सदरा, पायात बंगल्यातल्या मऊ सपाता, त्याही दोन्ही डाव्या पायाच्या. "काय हाय, उद्या पहाटं निघायचं. धुकं असणार. सरपंचाची माणसं वाटंत आडवी येतील, मागनं येतील. पुढचं काय, दिसतंच. राजकारणात मागचं दिसाय पायजे."

"बघतो तात्या. मला सहापर्यंत निघायचंय. उद्या माझा..."

"निघायचं?" तात्यांनी डिग्याकडं पाहिलं. "ह्याला सांगितलं न्हाईस?"

"न्हाय. आला नसता."

"त्याचं काय हाय," तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तुला आता ठिकाण कळलं."

"मी कुणाला सांगणार नाही."

"आचारीबी आसंच म्हणला हुता. एका दिवसासाठी आणलेला. त्यो बघ." स्वयंपाकघराच्या दारात एक माणूस जन्मठेप झाल्यासारखा मटार सोलत होता. "आणि पत्त्यातला चौथा बघ. त्यो सदस्य न्हाय. गॅसचं सिलिंडर घिऊन आलता."

सिलिंडरवाल्यानं पानं खाली न ठेवता मला हात केला. तो जिंकत होता.

"तात्या, उद्या माझा साखरपुडा आहे हो."

तात्या खरोखर विचारात पडले. माणूस वाईट नव्हता, फक्त सोडत नव्हता.

"मग हितंच करू. बोलाव मुलीकडच्यांना. डिग्या, गाद्या किती हायत?"

माझ्या डोळ्यांसमोर कंट्रोलरसाहेब आले. डब्यात मोबाइल टाकताना. पाठोपाठ त्यांचे तीस नातेवाईक, आणि मग ठिकाण कळलं म्हणून सगळ्यांचा मुक्काम.

"नको," मी म्हणालो.

"मग आसं कर. आरसा नीट कर. उद्या आमच्याबरोबर चल. अकराला ठराव झाला की डिग्या तुला सरळ साताऱ्यात सोडंल. साडेबाराच्या आत. माझा शब्द." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आन ठराव पडला तर मात्र कुणी फोडलं ते बघावं लागंल. मग तू काय, कुणीच हलायचं न्हाय."

म्हणजे माझा साखरपुडा आता गावच्या सरपंचावर अवलंबून होता. त्या सरपंचाचं नावसुद्धा मला धड ठाऊक नव्हतं.

गाडी पोर्चमध्ये उभी होती. पायरीवर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. शालनकाकी साबळे. सहा जणांत ही एकच बाई सदस्य, त्यामुळं सहलीत बाईचं म्हणून जे काम असतं ते त्यांच्याकडं होतं: रोज सकाळी गाडीची दृष्ट काढायची आणि डाव्या आरशाला नवं लिंबू-मिरची बांधायचं. या आरशाच्या पाठीमागचं प्लास्टिकचं कव्हर गोठ्याच्या दाराला घासून फुटलं होतं. तात्यांनी कव्हर बदललं नाही, भोकावर लिंबू टांगलं.

"चहा घेतला का रं लेकरा?" काकी म्हणाल्या.

"काम झाल्यावर घेतो काकी."

"झाल्यावर? मग राहीलच."

मी बटण दाबलं. मागची काच, उजवा आरसा आणि डावा आरसा, तिन्ही एकाच बटणावर आणि एकाच फ्यूजवर होते. मागची काच साफ होऊ लागली. उजवा आरसा निवळला. डावा ढिम्म. म्हणजे फ्यूज ठीक, बटण ठीक, दोष डाव्या आरशापुरता. काच खालच्या कडेनं अलगद उचकटली. तापणारी पट्टी शाबूत होती, पण तिथपर्यंत करंटच येत नव्हता. टेस्टलॅम्प लावला तर तो पेटायचं नाव घेईना. दाराच्या बिजागरीपाशी पाहिलं, तिथं करंट होता. म्हणजे मधेच कुठंतरी तुटलेली. शेवटी लिंबू-मिरची बाजूला केली आणि फुटक्या कव्हरच्या भोकात बॅटरी मारली.

वायर तुटली नव्हती. कापलेली होती.

उंदीर कुरतडतो तेव्हा तारांचे कुंचले होतात. घासून तुटली तर तांबं झिजतं. ही दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून एका दाबात कापलेली होती, जराशी तिरकी, गोलसर. आणि कापाच्या तोंडाशी तांबूस भुगा चिकटला होता. मी तो बोटावर घेतला, वास घेतला. सुपारी.

पाठीमागं कट् असा आवाज आला.

मी वळून पाहिलं नाही. जरा वेळानं पुन्हा कट्.

"सापडलं का?" तात्यांनी खिडकीतून विचारलं.

"वायर गेलीय तात्या."

"कशानं?"

"उंदीर."

डिग्या खाली आला, आरशाकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं. "एवढ्या वर?"

"उंच उंदीर असतात महाबळेश्वरला."

डिग्यानं मान डोलावली. त्याला महाबळेश्वरबद्दल आदर होता.

अंधारायच्या आधी फाटक पुन्हा उघडलं आणि एक टेंपो आत आला. त्यात एक म्हैस होती. काकींनी चार दिवस घोशा लावला होता, म्हैस व्यायला झालीय, मला घरी सोडा. तात्यांनी काकींना सोडलं नाही, म्हैस आणवली. आता तिलाही ठिकाण कळलं होतं. तिचं नाव मॅडम. मॅडमला बॅडमिंटनच्या नेटच्या खांबाला बांधली आणि तिथं पडलेला अर्धा खराटा तिनं लगेच खाल्ला.

"धर जरा," काकींनी माझ्या हातात दावं दिलं आणि म्हशीच्या पलीकडं उभ्या राहिल्या. बंगल्यातून पाहणाऱ्याला आता फक्त मी आणि म्हैस दिसत असणार.

"काकी," मी हळूच म्हणालो, "वायर तुम्ही कापली."

"मग काय करू? पाच दिस झालं. मोबाइल न्हाय, फाटकाला कुलूप. म्हणलं काहीतरी मोडलं तर भाईरनं माणूस ईल. पंखा मोडला, तर डिग्यानं बसवला. नळ मोडला, आचाऱ्यानं बसवला. मग तात्या सगळ्यांना त्यो आरसा दाखवाय लागले, तापतोय बघा, तालुक्यात दुरुस्त करणारा एकच हाय म्हणले. तवा समजलं काय मोडायचं ते."

"आणि मी आलो."

"आन तूबी अडाकलास." काकींनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "तुझा साखरपुडा हाय ते मला ठावं नव्हतं रं. न्हायतर परवाच कापली आसती."

"तुम्हाला सरपंचांना वाचवायचंय का?"

"त्याला कशाला? त्यो बी आसलाच. गेल्या खेपंला त्यानं सगळ्यांस्नी गणपतीपुळ्याला नेलतं." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तात्या घरी आले, आमच्या मालकांसंगं बोलले, मालक हो म्हणले. मी चुलीपाशीच हुते. दोघांतल्या एकानं तरी मान वळवून इचारायचं. हात माझाय न्हवं? मग वर करायचा का न्हाय ते मी बघंन."

"मग उद्या करू नका वर. तात्या काय तुमचा हात धरून उचलणारेत?"

"भंडारा उचलाय लावत्यात रं."

हे मला समजलं. बाकीच्या सगळ्यांनी पहिल्याच दिवशी खंडोबाचा भंडारा हातात घेऊन तात्यांना शब्द दिला होता. काकींनी सुतक सांगितलं होतं. नणंदेच्या दिराचा कुणीतरी चुलता. सुतकात देवाला शिवत नाहीत, तात्यांचा नाइलाज झाला. पण सुतक आज संध्याकाळी फिटत होतं. उद्या घाट उतरल्यावर खंडोबाच्या देवळापाशी गाड्या थांबणार होत्या, खास काकींसाठी.

"भंडारा उचलला की मग हात माझा ऱ्हात न्हाय," काकी म्हणाल्या. "तात्याला मी फशीवलं आसतं. देवाला कसं फशिवणार?"

टेंपो काकींच्या भावकीतल्या पोराचा होता. देवळाच्या अलीकडं पांढरीचा फाटा लागतो, तिथून त्यांच्या वस्तीला कच्चा रस्ता जातो. टेंपो तिथं वळला की काकी घरी, आणि अकराला आपल्या पायानं पंचायतीत.

"मागनं कुणाला दिसलं न्हाय म्हंजे झालं," काकी म्हणाल्या. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. म्हैस पाहत होती.

मला वेदिकाचं दाबलेलं हसू आठवत होतं. मी जाऊन वायर जोडली, कारण हातात काम असलं की ते करायची मला सवय आहे. तात्यांना बोलावून बटण दाबलं. सुरुवातीला सांगून टाकलंय ते सगळं इथं घडलं, म्हणजे घडलं नाही. तात्या लहान पोरासारखे खूश झाले. आरशावर तोंडानं वाफ सोडायची, ती उडताना बघायची, पुन्हा सोडायची. सगळ्या सदस्यांना रांगेत आणून दाखवलं. सिलिंडरवाला दोनदा आला.

"झकास!" तात्या म्हणाले. "आता आईक. म्हशीसंगं काकी टेंपोत बसायचं म्हणत्यात, बसू दे. जीप फुडं, मधी आपली गाडी, मागं टेंपो. टेंपो माझ्या ह्या आरशातनं हलला न्हाय पायजे."

काकींनी तो आरसा माणूस बोलावण्यासाठी मोडला होता. बोलावलेल्या माणसानं तो नीट करून त्यांच्यावर पहारेकरी म्हणून बसवला. एवढं पूर्ण काम मी आयुष्यात पुन्हा कधी केलं नाही.

सकाळी निघताना मी म्हणालो, "एकदा चेक करतो," आणि डॅशबोर्डच्या कडेचं झाकण उघडून बंद केलं. तात्या पुढं डिग्याशेजारी बसले, मी मागं. बाहेर नुसतं दूध होतं. जीपचे लाल दिवे विरघळले, ते थेट घाट उतरल्यावर सापडले.

"आरसा लाव," तात्या म्हणाले.

डिग्यानं बटण दाबलं. आरशावर मोत्याएवढे थेंब जमले होते. ते जमलेलेच राहिले.

"ए इलेक्ट्रिक. तापंना."

"तापेल तात्या. सकाळी गार असतो, वेळ लागतो."

"काल तर झटक्यात तापला."

"काल तो दमलेला नव्हता."

तात्यांनी काच खाली करून रुमालानं आरसा पुसला. पुसलेली जागा लगेच पांढरी झाली. मागची काच पांढरी, उजवा आरसा पांढरा. तात्या मान वेळावून मागं बघायचे, तिथं मी, आणि माझ्यामागं दूध.

"दिवं दिसत्यात का रं?"

डाव्या आरशात दोन पिवळे गोळे होते, तुपात बुडवलेल्या वातींसारखे. ते कुणाचेही असू शकले असते.

"दिसताहेत," मी म्हणालो.

पांढरीचा फाटा कधी गेला ते मला कळलं नाही. मधे थोडा वेळ आरशात एकही गोळा नव्हता. तात्या तेव्हा डिग्याला गिअर टाकायला शिकवत होते. मग पुन्हा दोन गोळे आले.

"हाय, हाय," तात्या म्हणाले. "मागंच हाय."

खंडोबाच्या देवळापाशी गाड्या थांबल्या. पुजारी भंडाऱ्याचं ताट घेऊन तयारच होता. तात्या लगबगीनं उतरून मागच्या गाडीकडं गेले, "चला काकी, सुतक फिटलं!" आणि धुक्यातून डेअरीचा दूधवाला खाली उतरला. एवढे लोक हात जोडून उभे बघून त्यानं चप्पल काढली, भंडारा कपाळाला लावला आणि विचारलं, "आज काय हाय हितं?" टेंपो धुक्यात वाट चुकला असंल, काकी परस्पर पंचायतीत येतील, असं म्हणत तात्यांनी सगळ्यांना पुढं काढलं.

माझ्या शर्टाच्या खिशात नखाएवढा एक पिवळा फ्यूज होता. मागची काच, उजवा आरसा आणि डावा आरसा, तिन्हींचा मिळून एक. तो मला सुईसारखा टोचत होता, म्हणजे टोचायचं काही कारण नव्हतं.

पंचायतीसमोर गाडी उभी केली. पुढं आमची जीप, मागं तहसीलदारांची. डिग्या बॉनेटवर बसला. "हलायचं न्हाय," त्यानं मला सांगितलं. मी हलून जाणार कुठं? अकराच्या सुमाराला काकी आल्या. चालत, पदर डोक्यावर, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. गाडीजवळून गेल्या, पण आत बघितलं नाही. त्यांच्यामागून तात्या आत गेले आणि दार लागलं.

आत काय झालं ते पुढं शिपायानं गावभर सांगितलं. तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. पाच हात वर झाले. काकी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. तात्यांनी पाहिलं, खाकरले, पुन्हा पाहिलं. तहसीलदारांनी विचारलं, "बाई, ऐकू आलं ना?" काकी म्हणाल्या, "आलं की." आणि अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागल्या.

मला गाडीत हे काहीच माहीत नव्हतं. डॅशबोर्डवरचं घड्याळ साडेबाराकडं चाललं होतं आणि काचा पांढऱ्या होत्या, मी एखाद्या अंड्यात बसलोय तशा. आता साताऱ्यात पाट मांडले असतील. आई दर दोन मिनिटांनी मला फोन करत असेल आणि कुठंतरी पुरणपोळ्यांचा डबा गुरगुरत असेल. इंजिन चालू होतं. मी पुढं वाकून तात्यांच्या बाजूची काच खाली केली, झाकण उघडलं आणि फ्यूज जागेवर बसवला. कुणासाठी नाही. एकदा बघायचं होतं.

आरसा तापला. थेंब पळाले, काच लख्ख झाली, आणि तिच्यात पंचायतीचं दार उघडून तात्या माझ्याच दिशेनं येताना इतके स्वच्छ दिसले की त्यांच्या मिशीतला भंडारासुद्धा ओळखू आला.

मी फ्यूज उपटून पुन्हा खिशात टाकला. तात्या येऊन गाडीपाशी थांबले. ते आरशाकडं बघत होते. काच परत धुरकटायला लागली होती.

"खरं सांग," ते म्हणाले. "आरसा का चालला न्हाय?"

इथं दोन उत्तरं होती. खऱ्या उत्तरानं काकी गेल्या असत्या. आमच्या भागात आपल्या मतानं हात खाली ठेवला तर लोक चार दिवस बोलतात. पण ठरवून, वायर कापून, गडी फितवून तो खाली ठेवला असं कळलं तर तात्यांनी त्या बाईला गावात उभं राहू दिलं नसतं.

"मला जमला नाही, तात्या," मी म्हणालो. "परदेशी काम आहे. काल कसाबसा लागला होता. मला त्यातलं खरं काही येत नाही."

तात्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यांना फितूर माणूस हवा होता, आणि पुढं नुसता ढ बसला होता.

"उतर," ते म्हणाले. "आन तालुक्यात कुणाच्या गाडीला हात लावू नगंस."

साताऱ्यात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. पाहुणे गेले होते. कंट्रोलरसाहेब ओसरीत खुर्ची टाकून बसले होते.

"कारण?" ते म्हणाले.

मी उभा राहिलो. त्यांची सख्खी बहीण तात्यांच्या गावात दिलेली होती. इथं बोललेलं तिथं रात्रीच्या जेवणाला पोचलं असतं.

"एक आरसा जमला नाही," मी म्हणालो.

"गाडी गेली," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मला दुकानाबाहेर टेंपोचा हॉर्न ऐकू आला. काकी पुढं बसल्या होत्या, मांडीवर खरवसाचं पातेलं. मॅडमला रेडी झाली होती. "बस," म्हणाल्या. साताऱ्यापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कंट्रोलरसाहेबांच्या ओसरीत पातेलं ठेवलं आणि समोर बसल्या.

"मी पंचायत सदस्य शालन साबळे. हा पोरगा त्या दिशी का आला न्हाय ते मला ठावं हाय. मी सांगणार न्हाय, त्यो बी सांगणार न्हाय. इचारायचं न्हाय."

"मग मी कशावर विश्वास ठेवायचा?"

काकींनी अडकित्ता खाली ठेवला. मग पदर सावरला आणि उजवा हात सरळ वर केला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. हात तसाच वर धरून त्या कंट्रोलरसाहेबांकडं बघत राहिल्या. ज्या हातासाठी बंगला घेतला, घाटातून म्हैस आणवली, देव वाटेत उभा केला, तो हात.

मग आतून वेदिकाचा आवाज आला, "बाबा, पुढची गाडी किती वाजता?"

कंट्रोलरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, का कुणास ठाऊक. "पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. "हात खाली घ्या, बाई."

त्या गोष्टीला सात वर्षं झाली. वेदिकालाही मी हे कधी सांगितलेलं नाही. तिनं विचारलंही नाही, फक्त अधूनमधून हसू दाबते. तात्या आणि ते सरपंच आता एकाच पॅनेलमध्ये आहेत आणि जोडीनं देवदर्शनाला जातात. माझं दुकान चालतं. हॉर्न, बल्ब, बॅटऱ्या येतात. पण साइडचा आरसा म्हटलं की माणसं माझ्या दारावरून सरळ पुण्याला जातात, आणि जाताना मला ऐकू येईल अशा बेतानं तात्यांची ती गोष्ट एकमेकांना सांगतात. पिवळा फ्यूज गल्ल्यात आहे. त्याच्यावर रोज उदबत्ती ओवाळली जाते, कारण तो लक्ष्मीच्या फोटोजवळ ठेवलाय.

तरी, वरील कोणतीही गोष्ट घडलेली नाही ही बाब विचारात घेऊन, श्री. बबनराव शेवाळे यांच्या वाहनाचा डाव्या बाजूचा आरसा सदर दिवशी माझ्याकडून पूर्णतः दुरुस्त करण्यात आला होता व तो उत्तम तापत होता, असा दाखला खुद्द श्री. शेवाळे यांच्या सहीनिशी, शालन साबळे यांचे नाव कोठेही न येता, मला देण्यात यावा, व सोबत माझा मोबाइलही परत मिळावा, ही नम्र विनंती.